गोड्या पाण्याचे समुद्र



भूगोलाचा तास घेतांना एका विद्यार्थ्यानें मला विचारलेला प्रश्न अजून आठवतो. फळ्याशेजारीं उत्तर अमेरिकेचा नकाशा टांगलेला होता. त्याच्या मध्यावर, जरा उजवीकडे, कोणीं ओला हात टेकून ठसे उमटवावे तसे पांच निळे डाग दिसतात. त्यांवर छडी ठेवून मीं सांगितलें कीं, हीं पांच महासरोवरें. यांत मोठमोठीं जहाजें चालतात आणि वादळांत बुडतातही. तेव्हां शेवटच्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, तळ्यांत जहाज बुडेल कसें? बुडूं लागलें तर कांठाला लावतां येणार नाहीं का?" सगळा वर्ग हंसला. मलाही हंसूं आलें. परंतु घरीं जाऊन विचार करूं लागलों, तेव्हां मुलाचा प्रश्न खुळा नव्हता हें ध्यानांत आलें. त्या दिवशीं मला त्याचें धड उत्तर देतां आलें नव्हतें. पुढें जें वाचनांत आलें त्याच्या आधारें आज तें देण्याचा प्रयत्न करितों.

प्रथम या तळ्यांचा विस्तार डोळ्यांपुढें आणिला पाहिजे. सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ हीं तीं पांच सरोवरें. मिशिगन सबंध अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे. बाकीच्या चारांमधून संयुक्त संस्थानें व कॅनडा यांची सरहद्द जाते. पांचांचें मिळून क्षेत्रफळ सुमारें ९४,००० चौरस मैल भरतें. आपल्या महाराष्ट्र राज्याचें क्षेत्रफळ १,१८,८०० चौरस मैल आहे. तेव्हां महाराष्ट्राचे पांच हिस्से करून त्यांतील जवळजवळ चार पाण्याखालीं गेले अशी कल्पना केली, म्हणजे या तळ्यांचा अंदाज येईल. पृथ्वीच्या पाठीवर जें गोडें पाणी नद्या, तळीं, सरोवरें या रूपानें आहे, त्याचा सुमारें पांचवा हिस्सा एकट्या या पांच सरोवरांत सांठलेला आहे. एकटें सुपीरिअर सुमारें ३५० मैल लांब व १६० मैल रुंद असून त्याची सर्वांत अधिक खोली १,३३० फुटांच्या वर आहे. कांठावर उभें राहिलें तर पलीकडचा कांठ दिसत नाहीं. समुद्रावर दिसतें तसें क्षितिज दिसतें. पाणी ओंजळींत घेऊन प्यालें तरच हा समुद्र नव्हे हें कळावयाचें.

हीं सरोवरें एका पातळींत नाहींत. जिन्याच्या पायऱ्या असाव्या तशीं तीं एकाखालीं एक आहेत. सर्वांत वर सुपीरिअर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० फूट. त्याचें पाणी सेंट मेरी नदीवाटे ह्यूरनमध्यें उतरतें. ह्यूरन व मिशिगन यांची पातळी एकच. तेथून पाणी ईरींत येतें, ईरींतून नायगाराच्या धबधब्यावरून उडी घेऊन ऑन्टॅरिओंत पडतें, आणि मग सेंट लॉरेन्स नदीनें अटलांटिक महासागरास मिळतें. पाण्याला उडी मारतां येते. जहाजाला येत नाहीं. म्हणून या जलमार्गाचा इतिहास हा पुष्कळसा कालव्यांचा इतिहास आहे.

सुपीरिअर व ह्यूरन यांच्यामधील नदींत सुमारें २१ फुटांचा उतार असून तेथें पाणी खडकांवरून धांवतें. १८५५ पर्यंत तेथें आलेला माल जहाजांतून उतरून कांठानें वाहून न्यावा लागे व पलीकडे पुन्हां दुसऱ्या जहाजांत भरावा लागे. त्या वर्षीं तेथें कालवा झाला. कालव्याची युक्ति अशी कीं, एका लांब हौदाला दोन्ही टोकांस दरवाजे. जहाज आंत घेऊन दरवाजे लावावयाचे आणि वरच्या अंगाचें पाणी हौदांत सोडावयाचें, म्हणजे पाण्याबरोबर जहाज आपोआप वर उचललें जातें. पंप नको कीं इंजिन नको. सारें काम पाण्याच्या उतारानेंच होतें. आज तेथील सर्वांत मोठा हौद १,२०० फूट लांब व ११० फूट रुंद आहे. नायगाराला वळसा घालणारा वेलंड कालवा प्रथम १८२९ मध्यें सुरू झाला. १९३२ मध्यें पुऱ्या झालेल्या त्याच्या हल्लींच्या रूपांत आठ हौद असून ते जहाजाला ३२६ फूट चढवितात किंवा उतरवितात. १९५९ मध्यें सेंट लॉरेन्स नदीचा मार्ग मोठ्या जहाजांस खुला झाला, आणि महासागरावरचें जहाज सुमारें २,३०० मैल आंत, खंडाच्या अगदीं पोटांत असलेल्या डुलूथ बंदरापर्यंत जाऊं लागलें. या सोयीबरोबर एक उपद्रवही आंत आला. त्याविषयीं शेवटीं सांगेन.

या पाण्यावर मूळचे रहिवासी भूर्जवृक्षाच्या सालीच्या होड्यांतून पूर्वापार हिंडत असत. भूर्जपत्र आपणांस पोथ्यांमुळें ठाऊक आहे. त्याच जातीच्या झाडाची साल तेथें नावेला कामीं आली. नायगाराच्या वरील सरोवरांत शिडाचें पहिलें मोठें जहाज घातलें तें ला साल नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें. ‘ग्रिफाँ’ हें त्या जहाजाचें नांव. १६७९ च्या ऑगस्टांत तें ईरी सरोवरांतून निघालें, ह्यूरन ओलांडून मिशिगनच्या पश्चिम कांठास पोहोंचलें, आणि तेथें कातड्यांचा माल भरून १८ सप्टेंबरास सहा माणसांनिशीं परत फिरलें. ला साल स्वतः होड्या घेऊन पुढील प्रवासास गेला होता. तें जहाज त्यानंतर कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. आम्हांस तें सांपडलें असें म्हणणारे आजवर पुष्कळ निघाले. परंतु एकाचेंही म्हणणें अद्यापि निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं. या सरोवरांवरील मोठ्या जहाजाचा पहिला प्रवास हाच जणूं पहिला अपघातही ठरला.

पुढील दीडशें वर्षांचा इतिहास मी भरभर ओलांडतों. इंग्रज व अमेरिकन यांच्यांत १८१३ मध्यें ईरी सरोवरावर आरमारी लढाई झाली व इंग्रजांचा सगळा काफिला शत्रूच्या हातीं लागला, एवढें सांगून पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र लांकूड, गहूं, कोळसा आणि लोखंडाची माती यांची वाहतूक अतोनात वाढली, आणि वाहतुकीबरोबर अपघातही वाढले. या पांच सरोवरांच्या तळाशीं सुमारें सहा हजार जहाजें असावीं व सुमारें तीस हजार माणसें दगावलीं असावीं, असा एक अंदाज सांगतात. तो अंदाजच आहे. कारण जुन्या काळीं छोट्या गलबतांची नोंद कोण ठेवणार?

त्यांतील एक अपघात ‘लेडी एल्गिन’ या आगबोटीचा. १८६० च्या सप्टेंबरांत, ८ तारखेच्या पहांटेच्या अंधारांत, शिकागोहून मिलवॉकीकडे परत जाणाऱ्या या आगबोटीस ‘ऑगस्टा’ नांवाच्या, लांकूड भरलेल्या शिडाच्या जहाजानें धडक दिली. वारा सोसाट्याचा होता. धडक देणाऱ्या जहाजास वाटलें कीं समोरच्याचें फारसें नुकसान झालेलें नाहीं, आणि तें तसेंच शिकागोकडे निघून गेलें! आगबोट अर्ध्या तासाच्या आंत बुडाली. सुमारें तीनशें माणसें मेलीं. पुष्कळजण फळकुटें धरून तरंगत कांठापाशीं आलेही. परंतु फुटणाऱ्या लाटांनीं त्यांस शेवटच्या क्षणीं ओढून नेलें. म्हणजे कांठाला लागणें हीच सर्वांत अवघड गोष्ट. इव्हॅन्स्टन गांवच्या पाठशाळेंतील विद्यार्थी कमरेला दोर बांधून लाटांत शिरले. त्यांतील एडवर्ड स्पेन्सर यानें एकट्यानें सतरा माणसें बाहेर काढिलीं. त्या श्रमांनीं त्याची प्रकृति कायमची ढासळली. रात्रीं शिडाच्या जहाजांनीं दिवे लावलेच पाहिजेत, असा नियम होण्यास मात्र आणखी चार वर्षें जावीं लागलीं. नियम हे बहुधा प्रेतांच्या मागून येतात.

परंतु नियमानेंच घात व्हावा, असाही एक प्रसंग या सरोवरांच्या इतिहासांत आहे, आणि तो सर्वांत विलक्षण म्हणून जरा विस्तारानें सांगतों. १९१२ मध्यें ‘टायटॅनिक’ बुडाली ती जीवनौका अपुऱ्या असल्यामुळें अधिक प्राणघातक ठरली, हें सर्वविश्रुत आहे. त्यावरून धडा घेऊन १९१५ मध्यें अमेरिकेंत खलाशांच्या संरक्षणाचा कायदा झाला व जहाजांवर अधिक जीवनौका ठेवण्याचा आग्रह सुरू झाला. शिकागो येथें ‘ईस्टलँड’ नांवाची उतारूंची आगबोट होती. ती मुळांतच वरून जड व तोलाला नाजूक म्हणून प्रसिद्ध होती. तिच्या वरच्या मजल्यावर त्या जुलैच्या आरंभीं आणखी जीवनौका व तराफे चढविण्यांत आले. जुलैच्या २४ तारखेस सकाळीं एका मोठ्या कारखान्यांतील कामगार आपल्या बायकामुलांसह सहलीला म्हणून तीवर चढले. अडीच हजारांवर माणसें झालीं. पाऊस भुरभुरत होता, वाजंत्री वाजत होतीं, बोट अजून शिकागो नदीच्या धक्क्याला दोरांनीं बांधलेली होती. ती एका अंगास कलली, पुन्हां सरळ झाली, मग दुसऱ्या अंगास कलली, आणि साडेसाताच्या सुमारास हळूहळू आडवी झाली. पाणी सुमारें वीस फूट. धक्का कांहीं हातांवर. मृतांचा आंकडा ८४४. कित्येक कुटुंबें समूळ गेलीं. घराला कुलूप लावून निघालेलीं माणसें, तें उघडावयास कोणीच परत आलें नाहीं. ज्या जीवनौका माणसांस वांचविण्यासाठीं चढविल्या, त्यांच्या वजनानेंही बोट उलथण्यास हातभार लाविला. पूर्वींपासूनचा दोष मूळचाच होता, हें खरें. परंतु त्यावर हा भार पडला. आमच्या लहानपणीं घरांतील वडील मंडळी १७ जुलै १९४७ च्या ‘रामदास’ बोटीची गोष्ट काढीत, तेव्हां आवाज खालीं आणून बोलत. शिकागोच्या घरांतूनही ‘ईस्टलँड’चें नांव असेंच निघत असावें.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतों. समुद्रावर वादळ आलें म्हणजे जाणता कप्तान किनाऱ्याकडे धांवत नाहीं. तो उलट किनाऱ्यापासून दूर जातो. मोकळें पाणी मिळालें म्हणजे जहाज वाऱ्याकडे तोंड करून किंवा वाऱ्याबरोबर वाहत जाऊन एकदोन दिवस काढूं शकतें. सरोवरांत ही सोय नाहीं. कोणीकडेही वाहत गेलें तरी थोड्या तासांत खडक नाहीं तर वाळूचा दांडा. बंदराचें तोंड अरुंद, त्यावर लाटा फुटत असलेल्या. त्यांतून आंत शिरणें म्हणजे सुईच्या नेढ्यांतून दोरा ओंवणें. कांठ जवळ असतो हेंच येथील संकट आहे.

लाटांची जातही निराळी. महासागरावरील लाट लांब पल्ल्याची असते. जहाज तिच्यावर चढतें आणि उतरतें. सरोवरावरील लाट आखूड व उभी. एक ओसरते न ओसरते तों दुसरी येऊन आदळते. सातशें फूट लांबीचें जहाज अशा लाटांत सांपडलें म्हणजे कधीं त्याचीं दोन्ही टोकें पाण्यावर व मध्य अधांतरीं, तर कधीं मध्य उचललेला व टोकें लोंबत, असा प्रसंग येतो. छडी दोन्ही हातांत धरून वांकवीत राहावें तशीच ही गत. ‘कार्ल ब्रॅडली’ हें जहाज १८ नोव्हेंबर १९५८ रोजीं मिशिगन सरोवरांत असेंच मोडलें. ३५ पैकीं ३३ माणसें गेलीं. ‘डॅनियल मोरेल’ २९ नोव्हेंबर १९६६ रोजीं ह्यूरनमध्यें मोडलें. २९ पैकीं एकच माणूस वांचला, आणि तोही तराफ्यावर मेलेल्या सोबत्यांजवळ दीड दिवसाहून अधिक काळ पडून राहिल्यावर.

ईरी सरोवराचा आणखी एक स्वभाव आहे. तें उथळ, सरासरी खोली जेमतेम साठ फूट. पाण्यानें भरलेली परात एका अंगास उचलून खालीं ठेविली तर पाणी जसें एकीकडून दुसरीकडे हिंदकळतें, तसें जोराच्या वाऱ्यानें सबंध सरोवराचें पाणी एका टोकास ढकललें जातें व वारा पडतांच माघारीं येतें. १८ ऑक्टोबर १८४४ च्या रात्रीं बफेलो शहरांत असेंच पाणी घुसलें व ७८ माणसें मेलीं.

दोन्ही अपघातांच्या तारखा नोव्हेंबरांतील आहेत, हें आपल्या लक्षांत आलेंच असेल. उन्हाळाभर तापलेलें सरोवराचें पाणी नोव्हेंबरांतही पुरतें निवालेलें नसतें. अशा वेळीं उत्तरेकडून ध्रुवप्रदेशाची थंड हवा खालीं उतरते, दक्षिणेकडून दमट हवा वर येते, आणि सरोवरांची ऊब त्या दोघींच्या झुंजींत इंधन घालते. वर उडालेले तुषार डेकवर पडतांच गोठतात. गोडें पाणी खाऱ्या पाण्याआधीं गोठतें. जहाजावर टनावारी बर्फ चढतें. हें सारें तेथील कप्तानांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मग ते नोव्हेंबरांत निघतात कां? कारण हिवाळ्यांत कालवे बंद होतात. त्यापूर्वीं आणखी एक खेप, फार तर दोन खेपा, एवढीच मुदत उरलेली असते. माल धक्क्यावर पडलेला, भट्ट्या लोखंडाची वाट पाहत असलेल्या. कोणाही एका माणसास दोष द्यावा असें त्यांत नसतें. परंतु निघावयाचें नाहीं असें म्हणणाऱ्यास जबर धैर्य लागतें.

१९१३ च्या नोव्हेंबरांत हेंच झालें. ७ तारखेस इशाऱ्याचीं निशाणें चढलीं. वादळ आलें व मध्यें जरा ओसरल्यासारखें वाटलें. त्या उघडिपीला भुलून कित्येक जहाजें निघालीं. परंतु दोन वादळांचा मिलाफ होऊन ९ तारखेस ह्यूरनवर असा झंझावात सुटला कीं, त्या एका सरोवरांत आठ मोठीं जहाजें एकूण एक माणसांसह नाहींशीं झालीं. त्यांपैकीं ‘जेम्स कॅरदर्स’ हें ५५० फुटांचें कॅनेडियन जहाज त्याच वर्षीं मे महिन्यांत पाण्यांत ढकललेलें, म्हणजे कोरें करकरीत होतें. ‘चार्ल्स प्राइस’ हें जहाज उलटें होऊन नाक वर काढून कांहीं दिवस तरंगत राहिलें, आणि तें कोणतें हें पाणबुड्यानें खालीं जाऊन नांव वाचीपर्यंत कळलें नाहीं. चार दिवसांत अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं.

त्यानंतर बासष्ट वर्षांनीं ‘एडमंड फिट्झजेराल्ड’. हें जहाज ७२९ फूट लांब. १९५८ मध्यें बांधिलें तेव्हां सरोवरांवरील सर्वांत मोठें. सुकाण्याची खोली अगदीं पुढें, यंत्रें अगदीं मागें, आणि मध्यें सबंध लांबीभर मालाचीं एकवीस तोंडें. प्रत्येक तोंडावर पोलादी झांकण व तें आंवळण्यास अडुसष्ट पकडी. कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली हा मुरलेला दर्यावर्दी. ९ नोव्हेंबर १९७५ रोजीं दुपारीं सुपीरिअरच्या पश्चिम टोकाहून, सुमारें २६,००० टन लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन, तें डेट्रॉइटकडे निघालें. मागोमाग ‘आर्थर अँडरसन’ हें दुसरें जहाज होतें. वादळाची वार्ता कळतांच दोघांनीं नेहमींचा मार्ग सोडून कॅनडाच्या कांठाचा आसरा धरिला.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास मॅकसॉर्लीनें बिनतारी यंत्रावरून अँडरसनला कळविलें कीं, आमचा कठडा तुटला आहे, हवा जाण्याच्या नळांचीं दोन झांकणें गेलीं आहेत, जहाज एका अंगास कललें असून पंप चालू आहेत. पुढें त्याचीं दोन्ही रडारयंत्रें बंद पडलीं. व्हाइटफिश भूशिराचें दीपगृह व तेथील दिशादर्शक बिनतारी खूण, हींही त्या वादळांत बंद पडलेलीं. रात्र, बर्फाचा मारा, पंचवीस ते पस्तीस फुटांच्या लाटा. आणि पुढील जहाज आंधळें होऊन मागच्याच्या डोळ्यांनीं चाललेलें. सायंकाळीं सात वाजून दहा मिनिटांनीं अँडरसनच्या अधिकाऱ्यानें विचारलें, तुमच्या अडचणींचें कसें काय? उत्तर आलें, आम्ही तग धरून आहों. हे त्या जहाजाचे शेवटचे शब्द. थोड्याच मिनिटांनीं बर्फ थांबलें, दृष्टि मोकळी झाली, आणि पुढें असावयाचा दिवा कोठेंच दिसेना. मदतीची हांक अशी आलीच नाहीं.

अँडरसन तोंवर महत्प्रयासानें व्हाइटफिश उपसागराच्या आडोशाला येऊन पोहोंचलें होतें. किनाऱ्यावरील रक्षकदलानें विनंती केली कीं, शोधासाठीं परत जातां का? कप्तान कूपर यानें जहाज वळविलें व ज्या वादळांतून जीव वांचवून आला होता त्यांतच पुन्हां घातलें. मला या सर्व हकीकतींत हा क्षण फार मोठा वाटतो. त्याच्या हातीं लागल्या त्या दोन फुटक्या जीवनौका व असेंच कांहीं सामान. २९ माणसांपैकीं एकही वांचला नाहीं. जहाज उपसागराच्या तोंडापासून अवघ्या सतरा मैलांवर, ५३० फूट खोल पाण्यांत, दोन तुकडे होऊन पडलें आहे. पुढचा भाग सरळ, मागचा उलटा.

कारणाविषयीं अद्याप एकमत नाहीं. रक्षकदलाच्या मंडळानें १९७७ मध्यें मत दिलें कीं, झांकणें नीट न बसल्यामुळें मालाच्या कोठारांत पाणी शिरत गेलें. जहाजमालकांच्या संघास हें मान्य नव्हतें; कॅरिबू बेटाजवळील उथळ खडकावर तळ घांसला, असें त्यांचें म्हणणें. वाहतुकीच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या दुसऱ्या सरकारी मंडळानें १९७८ मध्यें झांकण लाटेखालीं खचलें असा निष्कर्ष काढिला. माझ्यासारख्यानें यांत निकाल देणें धाडसाचें होईल. परंतु एक गोष्ट कागदावर आहे ती सांगतों. पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंत निदान किती उंची राखावी, याचा नियम असतो. जहाज बांधिलें तेव्हां हिवाळ्यासाठीं जी उंची ठरली होती, ती १९६९, १९७१ व १९७३ अशी तीनदां कमी करून एकूण सुमारें सव्वातीन फुटांनीं घटविण्यांत आली. म्हणजे जहाज तेंच, सरोवर तेंच, नोव्हेंबर तोच. माल अधिक व डेक पाण्याला सव्वातीन फूट जवळ. शिवाय खोली मोजण्याचें यंत्र त्यावर नव्हतें; हातानें सोडावयाची शिशाची दोरी होती. या अपघातानंतर खोलीमापक यंत्रें आलीं, थंड पाण्यांत ऊब राखणारे पोषाख सक्तीचे झाले, हिवाळ्यापूर्वींची तपासणी कडक झाली. तेव्हांपासून आजवर त्या सरोवरांत एकही मोठें मालवाहू जहाज असें बुडालेलें नाहीं.

सुपीरिअर आपले मृत परत देत नाहीं, असें तेथील खलाशी म्हणत. त्यांत गूढ कांहीं नाहीं. प्रेत पाण्यावर येतें तें कुजतांना होणाऱ्या वायूमुळें. तळाचें पाणी बर्फासारखें थंड असल्यामुळें कुजण्याची क्रियाच जवळजवळ थांबते. हाच थंडपणा जहाजांनाही टिकवितो. शिवाय समुद्रांतील लांकूड पोखरणारा जो किडा आपल्या कोंकणांतील होडीवाल्यांचा जुना वैरी, तो गोड्या पाण्यांत जगत नाहीं. त्यामुळें १८१३ च्या ऑगस्टांत ऑन्टॅरिओमध्यें वाऱ्याच्या एका झोतानें उलथलेलीं ‘हॅमिल्टन’ व ‘स्कर्ज’ हीं दोन लढाऊ गलबतें १९७३ मध्यें सुमारें ३०० फुटांवर सांपडलीं, तीं डोलकाठ्यांसह उभीं. १९१२ च्या नोव्हेंबरांत नाताळचीं झाडें घेऊन शिकागोस निघालेलें ‘राउज सिमन्स’ हें तीन डोलकाठ्यांचें जहाज १९७१ मध्यें सांपडलें. त्याच्या पोटांत झाडें तशीच रचलेलीं होतीं. त्याच्या कप्तानाचें मेणकापडांत गुंडाळलेलें पाकीट त्यापूर्वींच, १९२४ मध्यें, कोळ्यांच्या जाळ्यांत आलें होतें. त्याच्या विधवेनें व मुलींनीं झाडें विकण्याचा धंदा पुढें कित्येक वर्षें चालविला.

‘फिट्झजेराल्ड’ची घंटा ४ जुलै १९९५ रोजीं मृतांच्या नातलगांच्या इच्छेवरून वर काढण्यांत आली व तिच्या जागीं एकोणतीस नांवें कोरलेली दुसरी घंटा खालीं बसविली. मूळची घंटा व्हाइटफिश भूशिरावरील संग्रहालयांत आहे. जहाज कॅनडाच्या हद्दींत असल्यामुळें परवान्यावांचून तेथें बुडी मारण्यास ऑन्टॅरिओ प्रांताच्या कायद्यानें मज्जाव आहे.

आतां तो उपद्रव. रिकामें जहाज तोल राखण्यासाठीं आपल्या टांक्यांत एका बंदराचें पाणी भरून घेतें व दुसऱ्या बंदरांत सोडतें. महासागराचा मार्ग खुला झाल्यावर अशा पाण्याबरोबर काळ्या समुद्राच्या प्रदेशांतील नखाएवढ्या शिंपल्यांच्या दोन जाती १९८० नंतरच्या दशकांत सरोवरांत आल्या. जें जें टणक सांपडेल त्यास त्या चिकटतात, आणि थरावर थर देतात. दोनशें वर्षें पाण्यानें ज्याला धक्का लाविला नाहीं, तें नक्षीकाम, तें कोरलेलें नांव दोनचार वर्षांत दिसेनासें होतें. पुढें त्यांच्या भारानें जुनें लांकूड मोडतें, लोखंड अधिक वेगानें गंजतें. ह्यूरनमध्यें थंडर बे येथें २००० मध्यें व मिशिगनच्या विस्कॉन्सिन किनाऱ्याला २०२१ मध्यें बुडालेल्या जहाजांसाठीं राखीव जलक्षेत्रें झालीं आहेत. तेथील संशोधक आज जहाजें वर काढण्याच्या खटपटींत नाहींत, तर शिंपल्यांनीं झांकण्यापूर्वीं त्यांचीं मापें व छायाचित्रें घेण्याच्या घाईंत आहेत. सुपीरिअरच्या पाण्यांत चुन्याचा अंश फार थोडा. शिंपल्यास कवच बांधावयास चुना लागतो, म्हणून त्या सरोवरांत त्यांचा अद्यापि म्हणण्यासारखा जम बसलेला नाहीं.